माध्यमिक शाळेतील मुख्याध्यापकाचे नेतृत्व आणि अध्ययन-वातावरण : एक विवेचन

प्रस्तावना

माध्यमिक शिक्षण हा प्राथमिक शिक्षण आणि उच्च शिक्षण यांना जोडणारा दुवा होय. महाविद्यालयात प्रवेश घेणारा विद्यार्थी वाचनाच्या, प्रश्न विचारण्याच्या आणि स्वतंत्रपणे अभ्यास करण्याच्या ज्या सवयी घेऊन येतो, त्यांची जडणघडण बहुतांशी माध्यमिक शाळेतच झालेली असते. त्यामुळे माध्यमिक शाळेतील अध्ययन-वातावरण हा महाविद्यालयीन अध्यापकांच्याही आस्थेचा विषय ठरतो.

१९५२-५३ च्या माध्यमिक शिक्षण आयोगाने, म्हणजेच मुदलियार आयोगाने, शाळेचा लौकिक आणि समाजातील तिचे स्थान हे मोठ्या प्रमाणात मुख्याध्यापकाच्या प्रभावावर अवलंबून असते, असे मत नोंदविले होते. त्यानंतर जवळजवळ प्रत्येक शैक्षणिक अहवालात हा विचार पुन्हा मांडला गेला. ‘मुख्याध्यापक चांगला तर शाळा चांगली’ हे विधान आता इतके रूढ झाले आहे की, त्याची चिकित्सा करण्याची आवश्यकता सहसा कोणास वाटत नाही. परंतु चांगला मुख्याध्यापक म्हणजे नेमके काय करणारा? त्याचा प्रभाव विद्यार्थ्यापर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचतो? आणि तो मार्ग आजच्या व्यवस्थेत खुला आहे काय? प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांचा विचार महाराष्ट्रातील खाजगी अनुदानित माध्यमिक शाळांच्या संदर्भात करण्यात आला आहे.

अध्ययन-वातावरण : संकल्पना

शाळेचे वातावरण या संज्ञेचा व्यवहारात फार सैल अर्थ घेतला जातो. स्वच्छ आवार, गणवेशातील विद्यार्थी आणि शांत वर्ग दिसले की शाळेचे वातावरण उत्तम आहे, असा अभिप्राय दिला जातो. शांतता ही अध्ययनास पोषक असते हे खरे. परंतु शांत वर्गात अध्ययन होतच असते असे नाही. फळ्यावरील उत्तरे वहीत उतरवून घेणारा वर्गही शांतच असतो.

या संकल्पनेला शास्त्रीय रूप देण्याचा महत्त्वाचा प्रयत्न हॅल्पिन आणि क्रॉफ्ट या अमेरिकन अभ्यासकांनी १९६३ मध्ये केला. शाळेच्या संघटनात्मक वातावरणाची त्यांनी आठ परिमाणे मानली. त्यांपैकी चार शिक्षकांच्या परस्परसंबंधांविषयी, तर चार मुख्याध्यापकाच्या वर्तनाविषयी आहेत. या परिमाणांच्या आधारे त्यांनी मुक्त, स्वायत्त, नियंत्रित, परिचित, पितृसदृश आणि बद्ध असे वातावरणाचे सहा प्रकार सांगितले. मोतीलाल शर्मा यांनी भारतीय शाळांसाठी तयार केलेली प्रश्नावली याच परंपरेतील असून शिक्षणशास्त्रातील अनेक संशोधनांत तिचा उपयोग करण्यात आला आहे. या वर्गीकरणातून एक गोष्ट स्पष्ट होते. वातावरण ही इमारतीत आढळणारी वस्तू नसून ती माणसांच्या वर्तनातून निर्माण होणारी गोष्ट आहे.

१९६६ च्या कोलमन अहवालानंतर शाळेपेक्षा कौटुंबिक पार्श्वभूमीच विद्यार्थ्याचे यश ठरविते, असा समज दृढ झाला होता. रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या समजास मर्यादा घातली. लंडनच्या अंतर्भागातील १२ माध्यमिक शाळांचा त्यांनी अभ्यास केला. विद्यार्थ्यांच्या पार्श्वभूमीतील फरक विचारात घेतल्यानंतरही या शाळांतील उपस्थिती, वर्तन आणि परीक्षेतील यश यांत लक्षणीय तफावत उरली. ती तफावत इमारतीवरून अथवा शाळेच्या आकारावरून स्पष्ट होत नव्हती. तिचा संबंध शाळेतील दैनंदिन व्यवहाराशी होता. अध्यापनाचा वेळ कसा वापरला जातो, गृहपाठ दिला व तपासला जातो काय, विद्यार्थ्यांवर जबाबदारी सोपविली जाते काय, यांसारख्या बाबी तेथे निर्णायक ठरल्या. अध्ययन-वातावरण म्हणजे अशा दैनंदिन व्यवहारांची एकत्रित फलश्रुती होय.

नेतृत्वविषयक दोन विचारप्रवाह

शालेय नेतृत्वाच्या अभ्यासात दोन विचारप्रवाह प्रमुख मानले जातात. पहिला प्रवाह परिवर्तनकारी नेतृत्वाचा आहे. बर्न्स यांनी १९७८ मध्ये राजकीय नेतृत्वाच्या संदर्भात ही कल्पना मांडली आणि बास यांनी १९८५ मध्ये तिचा संघटनांच्या संदर्भात विस्तार केला. ध्येयदर्शन, प्रेरणा आणि सहकाऱ्यांच्या व्यक्तिगत विकासाकडे लक्ष यांवर या प्रवाहाचा भर आहे. दुसरा प्रवाह अध्यापनकेंद्री नेतृत्वाचा आहे. हॅलिंजर आणि मर्फी यांनी १९८५ मध्ये त्याची तीन अंगे सांगितली : शाळेचे उद्दिष्ट निश्चित करणे, अध्यापनाच्या कार्यक्रमाचे व्यवस्थापन करणे आणि अध्ययनास पोषक वातावरण निर्माण करणे.

या दोन प्रवाहांची तुलना रॉबिन्सन, लॉइड आणि रो यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केली. पूर्वीच्या २७ संशोधनांच्या आधारे केलेल्या या एकत्रित विश्लेषणात विद्यार्थ्यांच्या संपादनावरील सरासरी परिणाम अध्यापनकेंद्री नेतृत्वाच्या बाबतीत ०.४२, तर परिवर्तनकारी नेतृत्वाच्या बाबतीत ०.११ इतका आढळला. अधिक उद्बोधक बाब पुढे आहे. सुव्यवस्थित वातावरण राखणे या घटकाचा परिणाम ०.२७ होता, शिक्षकांच्या शिकण्यास चालना देणे व त्यात स्वतः सहभागी होणे या घटकाचा परिणाम ०.८४ होता. मूळ संशोधनांची संख्या मर्यादित असल्याने हे आकडे अंतिम मानता येणार नाहीत. परंतु त्यांची दिशा स्पष्ट आहे. प्रेरक भाषणापेक्षा शिक्षकांसमवेत बसून एखाद्या घटकाच्या अध्यापनाचा विचार करणारा मुख्याध्यापक विद्यार्थ्यांच्या अधिक उपयोगी पडतो.

हा प्रभाव किरकोळ नाही. लिथवुड आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये घेतलेल्या आढाव्यानुसार विद्यार्थ्यांच्या अध्ययनावर परिणाम करणाऱ्या शालेय घटकांत वर्गातील अध्यापनाखालोखाल नेतृत्वाचा क्रमांक लागतो. ग्रिसम, एगालाइट आणि लिंडसे यांनी २०२१ मध्ये अमेरिकन शाळांविषयी केलेल्या मांडणीनुसार, परिणामकारकतेच्या क्रमवारीत २५व्या शतमकावरील मुख्याध्यापकाच्या जागी ७५व्या शतमकावरील मुख्याध्यापक आल्यास विद्यार्थ्यांना वर्षाला सुमारे तीन महिन्यांच्या अध्ययनाइतका लाभ होतो.

प्रभावाचे मार्ग

मुख्याध्यापक विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष फार थोडे शिकवितो. त्याचा प्रभाव अप्रत्यक्ष असतो. तो शिक्षकांच्या अध्यापनातून आणि शाळेच्या निर्णयांतून विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचतो. असे चार मार्ग विशेष विचारात घेण्यासारखे आहेत.

१) वर्गवाटप व वेळापत्रक : जून महिन्यात तयार होणारे वेळापत्रक हा शाळेच्या शैक्षणिक धोरणाचा सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज असतो. गुणांनुसार तुकड्या पाडून ‘अ’ तुकडीस अनुभवी विषयशिक्षक आणि शेवटच्या तुकडीस उरलेल्या तासिका, अशी वाटणी झाली तर त्या शाळेने काही विद्यार्थ्यांविषयीचा आपला निर्णय वर्षाच्या आरंभीच घेतलेला असतो. गणिताची तासिका नेहमी दुपारच्या शेवटच्या सत्रात येणे, किंवा वाचनालयाची तासिका वेळापत्रकात असूनही ती अन्य विषयांस देणे, यांतूनही हेच सूचित होते.

२) पाठनिरीक्षण : पाठाचे निरीक्षण करून लॉगबुकात अभिप्राय लिहिणे हे मुख्याध्यापकाचे रूढ कर्तव्य आहे. ‘फलकलेखन चांगले, वर्गनियंत्रण चांगले, शैक्षणिक साधनांचा वापर वाढवावा’ अशा ठरावीक अभिप्रायाने मात्र शिक्षकाच्या हाती काहीच लागत नाही. ग्रिसम, लोएब आणि मास्टर यांनी मियामी-डेड जिल्ह्यातील सुमारे १०० मुख्याध्यापकांच्या वेळेचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. शिक्षकांना अध्यापनाविषयी मार्गदर्शन करण्यात दिलेला वेळ विद्यार्थ्यांच्या प्रगतीशी अनुकूल संबंध दर्शवीत होता. वर्गावर्गांतून मारलेल्या धावत्या फेऱ्यांचा संबंध मात्र प्रतिकूल होता आणि तो माध्यमिक स्तरावर अधिक जाणवत होता. ज्या फेरीनंतर शिक्षकाशी चर्चा होत नाही, ती फेरी देखरेख ठरते. तिला मार्गदर्शन म्हणता येत नाही.

३) शिक्षक-सभा : बहुसंख्य सभांत परिपत्रकांचे वाचन, कार्यक्रमांची जबाबदारी आणि माहिती भरण्याच्या मुदती यांतच वेळ संपतो. याच सभेत सहामाही परीक्षेच्या दहा उत्तरपत्रिका समोर ठेवून विद्यार्थी नेमके कोठे चुकतात याची चर्चा झाली, तर ती सभा शिक्षक-प्रशिक्षणाचे काम करते. त्यासाठी निधीची अथवा शासनाच्या परवानगीची आवश्यकता नसते.

४) अपयशाविषयीचे धोरण : हा मार्ग सर्वांत कमी चर्चिला जातो, त्याचे परिणाम मात्र सर्वांत गंभीर असतात. त्याचा स्वतंत्र विचार करणे योग्य होईल.

निकालाचा प्रश्न आणि नववीचा वर्ग

शाळेची सामाजिक प्रतिष्ठा दहावीच्या निकालाशी जोडली गेली आहे. प्रवेशद्वारावरील फलकांवर शंभर टक्के निकालाची परंपरा अभिमानाने नोंदविली जाते. असा निकाल दोन मार्गांनी लागू शकतो. पहिला मार्ग दहावीतील प्रत्येक विद्यार्थ्यास उत्तीर्ण होण्याइतके शिकविण्याचा आहे. दुसरा मार्ग ज्यांच्या उत्तीर्ण होण्याची खात्री नाही त्यांना दहावीपर्यंत पोहोचू न देण्याचा आहे. फलकावर दोन्ही निकाल सारखेच दिसतात.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याचे संरक्षण आठवीपर्यंत आहे. त्यातील मूळ तरतुदीनुसार आठवीपर्यंत विद्यार्थ्यास त्याच वर्गात ठेवता येत नव्हते. २०१९ मध्ये या तरतुदीत दुरुस्ती झाली आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षेची तरतूद पुन्हा आणली. मधल्या वर्षांत नववी हाच अनुत्तीर्णतेचा पहिला टप्पा ठरला आणि अधिनियमाचे संरक्षण संपण्याची वेळही तीच होती. वाचन व गणितातील उणिवा घेऊन नववीत आलेल्या विद्यार्थ्यास अनुत्तीर्ण करणे, अथवा त्याच्या पालकांस १७ क्रमांकाचा अर्ज भरून खाजगीरीत्या दहावीस बसविण्याचा सल्ला देणे, हा निकाल सुरक्षित ठेवण्याचा सोपा उपाय होय. खाजगी विद्यार्थ्यासाठीची ही योजना मुळात शिक्षण अर्धवट सुटलेल्यांना दुसरी संधी मिळावी यासाठी आहे. तिचा वापर शाळेतील विद्यार्थ्यास बाहेर काढण्यासाठी होऊ लागला, तर योजनेचा हेतूच उलटतो.

हा निर्णय वरिष्ठ कार्यालय घेत नाही आणि एकटा वर्गशिक्षकही घेत नाही. तो मुख्याध्यापकाच्या दालनात होतो. मुख्याध्यापकाच्या नेतृत्वाची खरी कसोटी येथे लागते. शिक्षकांवर या निर्णयाचा होणारा परिणामही तितकाच महत्त्वाचा आहे. अप्रगत विद्यार्थी अखेरीस गाळलाच जाणार असेल, तर त्याला शिकविण्याचे कष्ट शिक्षकाने का घ्यावेत? याउलट नववीत आलेला प्रत्येक विद्यार्थी याच शाळेतून दहावीस बसणार हे मुख्याध्यापकाने निःसंदिग्धपणे जाहीर केले, तर जूनपासूनच उपचारात्मक अध्यापनाचा विचार करणे सर्वांस भाग पडते. एका निर्णयाने शाळेचे अध्ययन-वातावरण कसे बदलते, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे.

महाराष्ट्रातील वास्तव

महाराष्ट्रातील खाजगी शाळांतील मुख्याध्यापकाची नियुक्ती महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ आणि त्याखालील नियमावली, १९८१ यांनुसार होते. पदवी, बी.एड. आणि माध्यमिक शाळेतील किमान ५ वर्षांचा पूर्णवेळ अध्यापनाचा अनुभव ही प्रमुख पात्रता असून समाधानकारक सेवा असलेल्या ज्येष्ठतम शिक्षकाची या पदावर नियुक्ती केली जाते. अल्पसंख्याक संस्थांना मुख्याध्यापकाच्या निवडीबाबत स्वातंत्र्य आहे. ज्येष्ठतेच्या तत्त्वामुळे संस्थाचालकांच्या मर्जीतील व्यक्तीची नेमणूक होण्यास आळा बसला, ही त्याची जमेची बाजू नाकारता येणार नाही. तथापि त्याचे दोन परिणामही लक्षात घेतले पाहिजेत. निवृत्तीचे वय ५८ असल्याने अनेकांच्या वाट्यास हे पद सेवेच्या अखेरच्या काही वर्षांसाठीच येते. तसेच चांगला शिक्षक असणे आणि शिक्षकांना शिकण्यास प्रवृत्त करणे ही दोन भिन्न कौशल्ये असूनही दुसऱ्या कौशल्याची पूर्वतयारी पदग्रहणापूर्वी अनिवार्य नाही.

पद मिळाल्यानंतरची स्थितीही विचारात घ्यावी लागेल. मुख्याध्यापक हा शालेय समितीचा पदसिद्ध सचिव असतो. वेतन देयकांसाठी शालार्थ, विद्यार्थ्यांच्या नोंदींसाठी सरल आणि यू-डायस प्लस, संचमान्यतेची माहिती, आठवीपर्यंतच्या वर्गांचा पोषण आहार, अनुदानाचे हिशेब आणि न्यायालयीन प्रकरणे या सर्वांची जबाबदारी त्याच्यावर असते. ऑक्टोबर २०११ मधील पटपडताळणीनंतर मे २०१२ मध्ये शिक्षकभरतीवर निर्बंध आले आणि अनेक शाळांत विषयशिक्षकांची पदे दीर्घकाळ रिक्त राहिली. विज्ञानाचा शिक्षक नसलेल्या शाळेत अध्यापनकेंद्री नेतृत्वाची चर्चा करणे मुख्याध्यापकास क्रूर थट्टा वाटू शकते, याचे भान अभ्यासकांनी ठेवले पाहिजे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. प्रशासन आणि शैक्षणिक नेतृत्व या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. हॉर्ंग, क्लासिक आणि लोएब यांच्या २०१० मधील अभ्यासात शाळेच्या संघटनात्मक व्यवस्थापनास दिलेला वेळ शाळेच्या यशाशी अनुकूल संबंध दर्शवीत होता. वेळेवर झालेले वेतन आणि विस्कळीत न होणारे वेळापत्रक ही चांगल्या अध्यापनाची पूर्वअट आहे. प्रश्न प्रशासनामुळे उद्भवत नाही. ज्या प्रशासनाचा वर्गाशी काहीही संबंध उरत नाही, त्यात दिवस संपल्यामुळे तो उद्भवतो.

ब्लूम, लेमोस, सदुन आणि व्हॅन रीनन यांनी २०१५ मध्ये आठ देशांतील १,८०० हून अधिक माध्यमिक शाळांच्या व्यवस्थापनाचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. चांगले व्यवस्थापन आणि विद्यार्थ्यांचे संपादन यांत त्यांना अनुकूल संबंध आढळला. आठ देशांत भारतातील शाळांची सरासरी मात्र सर्वांत कमी होती. ज्या शाळांत मुख्याध्यापकाकडे स्वायत्तता, उत्तरदायित्व आणि नेतृत्वक्षमता यांचा संगम होता, त्या शाळांचे व्यवस्थापन सरस ठरले. यांपैकी केवळ उत्तरदायित्व वाढवून स्वायत्तता व क्षमता यांकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, हे पुढील उदाहरणावरून दिसून येते.

कागदावरील नियोजन आणि वर्गातील बदल

मध्य प्रदेशात शाळांचे सर्वंकष मूल्यमापन करून प्रत्येक शाळेने सुधारणा-आराखडा तयार करण्याचा कार्यक्रम राबविण्यात आला. मुरलीधरन आणि सिंग यांनी सुमारे १,८०० प्रारंभिक शाळांत प्रायोगिक पद्धतीने त्याची तपासणी केली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार मूल्यमापन झाले आणि आराखडेही मोठ्या प्रमाणात तयार झाले. परंतु वर्गातील अध्यापनात अथवा विद्यार्थ्यांच्या संपादनात बदल झाला नाही. हा अभ्यास माध्यमिक शाळांचा नसला तरी त्यातील बोध सर्व स्तरांस लागू पडतो. आराखडा हा बदलाचे साधन न राहता तोच अहवालाचा विषय बनला, की व्यवस्थेचे समाधान कागदावरच होते.

प्रशिक्षणाच्या बाबतीतही हीच दक्षता घ्यावी लागेल. दिल्ली येथील राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्थेत २०१२ मध्ये राष्ट्रीय शाळा नेतृत्व केंद्र स्थापन झाले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये मुख्याध्यापकांसाठी दरवर्षी किमान ५० तासांच्या सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासाची अपेक्षा व्यक्त करण्यात आली आहे. या दोन्ही बाबी स्वागतार्ह आहेत. मात्र या ५० तासांत काय घडते यावर त्यांचे मूल्य अवलंबून राहील. नियमांची माहिती देणारी व्याख्याने मुख्याध्यापकास लिपिकाचे काम अधिक अचूक करण्यास शिकवितील. शिक्षकाच्या पाठावर उपयुक्त चर्चा कशी करावी हे त्यातून साध्य होणार नाही.

उपाययोजनेच्या दिशा

प्रचलित नियमांत बदल न करताही पुढील गोष्टी शक्य आहेत.

१) मुख्याध्यापकाने आठवड्यातील काही तासिका पाठनिरीक्षणासाठी व निरीक्षणोत्तर चर्चेसाठी वेळापत्रकातच राखून ठेवाव्यात. शाळेत उपमुख्याध्यापक व पर्यवेक्षक असल्यास त्या वेळेतील कार्यालयीन कामे त्यांच्याकडे सोपवावीत.

२) मासिक सभेचा निम्मा वेळ विषयनिहाय अध्ययनातील अडचणींसाठी द्यावा. परिपत्रके सूचनावहीद्वारे फिरवावीत.

३) मुख्याध्यापकाने स्वतः एका वर्गाचे अध्यापन नियमितपणे करावे आणि आपल्या पाठाचे निरीक्षण करण्यास सहकाऱ्यांना निमंत्रित करावे. स्वतः शिकणारा मुख्याध्यापकच शिक्षकांना शिकण्यास प्रवृत्त करू शकतो.

४) दहावीच्या निकालासोबतच तीन वर्षांपूर्वी आठवीत असलेल्या विद्यार्थ्यांपैकी किती विद्यार्थी याच शाळेतून दहावी उत्तीर्ण झाले, हा आकडा शालेय समितीसमोर ठेवावा. संस्थाचालकांनी व शिक्षणाधिकाऱ्यांनीही शाळेचे मूल्यमापन या आकड्यावरून करावे. शाळा सोडल्याचे दाखले घेऊन अन्यत्र गेलेल्यांची नोंद अर्थातच वेगळी करावी लागेल.

५) जे. पी. नाईक सदस्य-सचिव असलेल्या कोठारी आयोगाने १९६६ मध्ये शाळासमूहाची कल्पना मांडली होती. २०२० च्या धोरणाने तिचा पुनरुच्चार केला आहे. विषयशिक्षकांची कमतरता असलेल्या लहान शाळांतील मुख्याध्यापकांनी अशा समूहातून संयुक्त विषयसभा घ्याव्यात. परिसरातील महाविद्यालये आणि अध्यापक महाविद्यालये यांनी विषयतज्ज्ञ उपलब्ध करून देऊन या कामी सहकार्य करावे. माध्यमिक शाळांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या उणिवांविषयी महाविद्यालयांत वारंवार बोलले जाते. त्या उणिवा दूर करण्यात सहभागी होण्याची ही संधी आहे.

समारोप

मुख्याध्यापकाचे नेतृत्व हे व्यक्तिमत्त्वाच्या तेजापेक्षा दैनंदिन निर्णयांतून अधिक सिद्ध होते. कोणत्या तुकडीस कोणता शिक्षक मिळतो, निरीक्षणानंतर शिक्षकाशी कोणती चर्चा होते, सभेचा वेळ कशावर खर्च होतो आणि नववीतील अप्रगत विद्यार्थ्याचे पुढे काय होते, या चार प्रश्नांच्या उत्तरांतून शाळेचे अध्ययन-वातावरण घडते. ज्येष्ठतेने येणारे पद, कामाचा व्याप आणि रिक्त जागा या मर्यादा वास्तव आहेत व त्या दूर करण्याची जबाबदारी शासनाची आणि संस्थांची आहे. तथापि वरील चार प्रश्नांपैकी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मुख्याध्यापकास कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. शंभर टक्के निकालाच्या फलकावर ज्या विद्यार्थ्यांची नावे कधीच आली नाहीत, त्यांचा हिशेब ज्या शाळेत ठेवला जाईल, त्या शाळेचे नेतृत्व खऱ्या अर्थाने शैक्षणिक आहे असे म्हणता येईल.